पोचल्याचा मिसकॉल

मोहघाटच्या रेशन दुकानात अंगठा घ्यायचं मशीन सकाळी कसंबसं चालायचं आणि दुपारनंतर हटून बसायचं. लोक पिशव्या मांडीवर घेऊन ओट्यावर ताटकळायचे. दुकानदार मशीन हातात धरून रस्त्याच्या मध्यापर्यंत जायचा, आभाळाकडे उंच करायचा, आणि पडद्यावरचं चाक फिरतच राहायचं. टेकडीवर टॉवर नव्हता तेव्हा निदान कुणाला बोल लावायची सोय नव्हती. आता तो डोळ्यांसमोर उभा होता, त्यामुळे गाव येताजाता त्याचा उद्धार करायचं.

मोहघाट म्हणजे उमरखेड तालुक्याचं अगदी शेवटचं टोक. गाव संपलं की उतार, उतार संपला की पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे मराठवाडा. तिथली तक्रार फिरत फिरत यवतमाळला आर्णी रोडवरच्या एका लहानशा ऑफिसात आली आणि अर्पिताच्या गळ्यात पडली. टॉवर तपासून देणाऱ्या ठेकेदार कंपनीत ती इंजिनिअर होती.

टॉवर बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फोनही त्याला सारखं काही कळवत असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. खिशात नाहीतर उशाखाली पडल्या पडल्या, टॉवरशी जोडलेला प्रत्येक फोन कळवत असतो, की मला तुझं इतकं ऐकू येतंय. शून्य ते पंधरा असा तो आकडा. पंधरा म्हणजे स्वच्छ, शून्य म्हणजे काहीच नाही. त्यावरून टॉवर ठरवतो, कुणाशी किती वेगाने बोलायचं आणि आपला जोर कुठल्या दिशेला वळवायचा. पण सगळेच सारखे कळवत बसले तर कळवण्याचाच गलका होईल आणि बोलायला जागा उरणार नाही. म्हणून जो एका जागी आहे त्याने क्वचित कळवावं, जो धावत्या गाडीत आहे त्याने भराभर कळवावं, असे नियम घालून द्यावे लागतात. अर्पिताचं काम ते. तिची आई शेजारणींना सांगायची, आमची अर्पिता फोनवाल्यांना गप बसवते. तसं ते फार चुकीचं नव्हतं.

दसरा होऊन गेला होता. सोयाबीन निघालं होतं, कापूस फुटायला लागला होता. तपासणीची गाडी वाहिद चालवत होता. पाच-सहा वर्षं तो अर्पिताबरोबर टॉवरांच्या मागे जिल्हाभर हिंडत होता, आणि कुठल्या फाट्यावर चहा चांगला मिळतो यापलीकडे त्याने त्या विद्येत कधी नाक खुपसलं नव्हतं. टेकडीखाली गाडी उभी करून त्याने खिडकी उघडली आणि अर्पिताने लॅपटॉप मांडीवर घेतला.

गावातले फोन एकाखाली एक दिसू लागले. प्रत्येकापुढे त्याचा आकडा, आणि प्रत्येक आकडा चुळबुळणारा. जिवंत माणसाच्या हातातल्या फोनचा आकडा स्थिर नसतोच. माणूस कूस बदलतो, म्हैस आडवी जाते, लिंबाची फांदी हलते, आणि आकडा लगेच खाली-वर होतो. अर्पिताला ही चुळबुळ बघायला आवडायची. गाव जागं आहे, हे तिला त्यातून कळायचं.

एक ओळ तेवढी हलत नव्हती.

तिच्यापुढे पंधरा होतं. पुन्हा पंधरा, पुन्हा पंधरा. तो फोन इतक्या भराभर कळवत होता, की टॉवरने आपला सगळा जोर त्याच्याकडे वळवून ठेवला होता आणि बाकीचं गाव उपाशी राहत होतं. अर्पिताने दिशा पाहिली, अंतर पाहिलं. मग नकाशा उघडला, आणि दोन्ही पुन्हा एकदा मोजून बघितली.

"वाहिदभाई, नदीत कुणी मासे धरतात का इथे?"

"धरत असन की. काहून?"

"चला, बघून येऊ."

घाटावर कुणी नव्हतं. पूर केव्हाच ओसरला होता, पण पाणी अजून करड्या रंगाचं आणि रुंद होतं. काठच्या मोहाच्या झाडांच्या बुंध्यांवर गाळाची रेघ माणसाच्या उंचीच्याही वर दिसत होती. डोंगा बांधायचा एक खुंटा होता, डोंगा नव्हता. अर्पिताने काठावर उभं राहून स्वतःच्या फोनचा आकडा पाहिला. नऊ. समोर नदीच्या मधोमध, नुसत्या पाण्यावर, पंधरा.

"म्याडम, पान्यात फोन चालते का?" वाहिदने विचारलं.

"नाही चालत. पाणी सगळं गिळतं. काठावरच्या खडकावरून लहर उलटून येत असेल, अंतर चुकतं मग कधी कधी."

हे तिने असं सांगितलं, की तिचं तिलाही पटलं. मग खात्री करून घ्यावी म्हणून तिने पुण्याच्या ऑफिसातून तो नंबर मागवला आणि आपल्या फोनवरून लावला.

रिंग गेली. घाटावर कुठेच काही वाजलं नाही. पाणी खुंट्याला वळसा घालून जात होतं, तेवढाच आवाज. तिने फोन ठेवून दिला.

"वाजला का?"

"वाजला."

"कुठं?" वाहिदने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तो गाडीकडे वळला.

अर्पिताने साधा उपाय केला. त्या फोनला नियम घालून दिला, की तू एका जागी आहेस, तू क्वचितच कळवायचं. फोनने मुकाट ऐकलं. टॉवर मोकळा झाला, मशीन चालू लागलं. दुकानदाराने दोघांना आग्रहाने चहा पाजला, आणि म्हाताऱ्या बायांनी अंगठे टेकवून धान्य नेलं. पण ऊन उतरायला लागल्यावर मशीन पुन्हा अडलं. अर्पिताने लॅपटॉप उघडला. नियम धाब्यावर बसवून ती ओळ धावत सुटली होती. एवढ्या भराभर तिने कुठलाच फोन कळवताना पाहिला नव्हता, धावत्या रेल्वेतलासुद्धा.

ती तशीच घाटावर गेली. पाण्यात गुडघ्यापर्यंत एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू, मनगटांत हिरव्या बांगड्या, कानाला बटणांचा साधा फोन. ती बोलत नव्हती, नुसतीच ऐकत होती. रिंग वाजून संपली की पुन्हा लावत होती, आणि प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे सरकत होती.

"मावशी, बाहेर या. पाय घसरेल," अर्पिता म्हणाली.

"घसरत नाही. तुमी टॉवरवाल्या बाई नं?" तिने मागे वळून पाहिलं. "आमचे हे उचलून नाही राह्यले. पाहा बरं तुमी, काय झालं तं."

बाईचं नाव मैनाबाई. तिने अर्पिताला घरी नेलं, ओसरीत सतरंजी टाकली, बिनदुधाचा चहा दिला. अर्पिताने सवयीने तिथेही लॅपटॉप उघडून टॉवरपासूनचं अंतर टिपून घेतलं. घर नदीपेक्षा टॉवरला कितीतरी जवळ होतं. मैनाबाई दाराच्या चौकटीला टेकून सांगू लागली. रडत नव्हती, कुणाला रस्ता सांगावा तशी सांगत होती.

"वावर आमचं पलीकडं हाय. हे रोज डोंग्यानं जात. तिकडं पाय टेकला का एक मिसकॉल मारत, अन् मी कट करत होती. मी कट केला म्हंजे त्यायले समजे का हिले समजलं, मी पोचलो म्हून. बोलनं काहीच नाही. पोरगा हासे आमाले."

"आणि तुम्ही कट केला नाही तर?"

"तं ते समजत, ऐकू नाही गेलं. मंग जिथं रेंज भेटन तिथपावतर इकडं येत, अन् पुन्हा मारत. माझा कट भेटल्याबिगर चैन नाही पडे त्यायले."

तिने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"पोळ्याच्या आंधी झालं हे. मी भाकरी थापून राह्यली होती, हात पिठात. फोन वाजला. म्हनलं हात धुते अन् कट करते, तं वाजनं बंद झालं. म्हनलं, पुन्हा मारतीनच. वरून लोंढा आला. लोक म्हनते, डोंगा मंधात होता. आता पोचलेला मानूस मंधात काहून यीन, सांगा बरं? माझ्या कटसाठी आले नं वो माय ते."

अर्पिताला त्या बाईचा हात धरावासा वाटला, आणि धरला नाही याचं तिला पुढे फार वाईट वाटत राहिलं.

"आता मी लावते," मैनाबाई म्हणाली. "वाजते. म्हंजे ते आहेत. एक डाव त्यायनं कट केला ना, का मी समजन पोचले म्हून. मंग करा म्हना तुमाले काय तेरवी-गिरवी करायची ते."

मुलगा कपिल दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर आला. उमरखेडला त्याचं मोटारपंपाचं दुकान होतं. तो बराच वेळ टॉवरच्या कुंपणाच्या तारेला बोट लावून उभा राहिला.

"म्याडम, बाबाच्या नंबरचं रिचार्ज मी कवाचंच सोडलं. तो बंद पाहिजे नं?"

"बंदच पाहिजे."

"मंग वाजते कसा?"

"माहीत नाही," अर्पिता म्हणाली. नोकरी लागल्यापासून कुणाला हे उत्तर तिने पहिल्यांदाच दिलं होतं.

"आई आंधी काठावर उभी राहे. मंग घोट्यापावतर, आता गुडघ्यापावतर. म्हनते, पुढं गेलं का रिंग साफ ऐकू येते. बाबा गेले, आता आई बी जाईन. तुमी काही करा म्याडम. तो नंबर तोडून टाका."

तोडणं सोपं होतं. पण मैनाबाईने लावला आणि फोन बंद लागला, तर ती काय समजेल? कमरेपर्यंत जाईल, आणि मग पुढे. अर्पिता दुपारभर गाडीत बसून राहिली. वाहिदने आणलेली भजी तशीच थंड झाली.

शेवटी तिला एक सुचलं, आणि सुचलं तेच तिला आवडलं नाही. लॅपटॉपवरून कुठलाही फोन टॉवरपासून सोडवता येत होता. रिंग वाजत असताना तसं केलं, तर ती मध्येच तुटणार. ऐकणाऱ्याला वाटणार, समोरून कट केला. टॉवर बिचारा विश्वासावर चालतो. फोन जे कळवेल ते खरं मानतो, पडताळून बघायची त्याला सोय नाही. म्हणून खोटं कळवणं हे तिच्या कामात सगळ्यांत वाईट समजलं जायचं. एका खोट्या आकड्यामुळे टॉवर भलत्याच दिशेला बोलत राहतो आणि खरा ऐकणारा तसाच राहून जातो. हे ती नव्या पोरांना दरवर्षी शिकवायची.

"वाहिदभाई, एखाद्याचा जीव वाचत असेल तर खोटं बोलावं का?"

वाहिदने बराच वेळ स्टिअरिंगवरची धूळ पुसली. "जित्या मानसासाठी बोला म्याडम," तो म्हणाला. "पन ज्याच्या नावानं बोलून राह्यल्या, त्याले बी कळलं पाहिजे नं."

संध्याकाळी मैनाबाई घाटावर आली. कपिल तिच्या मागे. अर्पिता मोहाच्या झाडाखाली दगडावर बसली, लॅपटॉप गुडघ्यांवर.

मैनाबाई पाण्यात उतरली. घोटे, मग गुडघे. नंबर लावला.

पडद्यावर ती ओळ धावू लागली. पंधरा, पंधरा, पंधरा. मैनाबाई आणखी पुढे सरकली. लुगडं पाण्यावर फुगलं.

"आई," कपिलने हाक मारली.

अर्पिताने बटण दाबलं.

मैनाबाई थबकली. तिने फोन कानापासून दूर धरून पाहिला, पुन्हा कानाला लावला.

"कट केला," ती म्हणाली. अगदी हळू. मग मोठ्यांदा, नदीकडे बघून, "कट केला वो माय! पोचले! पोचले हे!"

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. कपिलने तिला धरून काठावर आणलं. दोघं मायलेकरं ओल्या मातीत बसून रडत होती, आणि वाहिद पाठ फिरवून उभा होता. अर्पिताने लॅपटॉप मिटला. ओळ गेली होती. आपण एका बाईला वाचवलं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं.

देह सापडला नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला. मैनाबाईच्या नवऱ्याचं, बबनरावांचं धोतर, टोपी, पानाचा डबा त्याच्यावर ठेवला आणि घाटावर अग्नी दिला. अर्पिता त्या दिवशी आवर्जून गेली. मैनाबाईच्या मनगटांत बांगड्या नव्हत्या. चेहरा थकलेला, पण शांत. विस्तव विझल्यावर तिने कनवटीचा फोन काढला आणि नदीत सोडून दिला.

"आता ह्याचं काय काम?" ती म्हणाली. "ते पोचले, मले समजलं."

अर्पिता पुढे झाली होती. सांगावं की नाही, हे ठरायच्या आतच फोन बुडाला होता.

तेरवी झाली. रेशनचं मशीन संध्याकाळीही चालू लागलं. पुण्याहून साहेबांचा शाबासकीचा फोन आला.

त्याच आठवड्यात, ऑफिसात बसून मोहघाटची नोंद सहज चाळताना, अर्पिताला ती ओळ दिसली.

पंधरा नव्हतं. चौदा होतं.

तिने अंतर पाहिलं. मधोमध नव्हती ती. अलीकडे सरकली होती.

दुसऱ्या दिवशी घाटावर होती, बारा. मग उतारावर, नऊ. टॉवरच्या जवळ येईल तसा आकडा चढायला हवा. हा उतरत होता. रेशन दुकानापाशी सहा. कळवणं मात्र तेवढंच भराभर, जीव खाऊन.

मग ती ओळ एका अंतरावर येऊन थांबली. ते अंतर अर्पिताने स्वतः टिपून घेतलं होतं, बिनदुधाचा चहा पिताना.

तिने कपिलला फोन लावला. आई कशी आहे, विचारलं.

"चांगली हाय म्याडम. जेवते, झोपते. रोज दोन डाव ओसरी पुसून काढते तेवढं. ओलं होऊन राह्यलं म्हनते. आता पाऊस तं नाही."

"कपिल, त्यांच्याकडे फोन द्या. मला त्यांना एक सांगायचंय. त्या दिवशी ते जे कट झालं ना..."

"नका सांगू म्याडम." तो एकदम म्हणाला. घाटावर बसण्याआधी अर्पिताने त्याला सगळं सांगितलं होतंच. "आत्ता कुठं हासाले लागली ती. अन् सांगून काय करनार? फोन तं तिनं नदीत टाकला."

पडद्यावर दोन होतं. मग एक.

मग शून्य. मैनाबाईच्या ओसरीतून, शून्य, शून्य, शून्य. ऐकू येत नाही. ऐकू येत नाही. अर्पिताने कळवणं थांबवायचा हुकूम सोडला, आणि फोनने मुकाट ऐकलं. ओळ पुसली गेली. ती तशीच खुर्चीत बसून रडली. कुणासाठी रडतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. पिठाचे हात धुवायला गेलेल्या बाईसाठी, की त्या माणसासाठी, ज्याला एवढंच कळायला हवं होतं की तिला समजलं.

त्यानंतर मोहघाटच्या टॉवरवर ती ओळ आली नाही. अर्पिता रोज बघायची, मग एका दिवसाआड, मग तिने बघणं सोडलं.

दिवाळी होऊन गेली होती. आई मामाकडे वणीला गेली होती, म्हणून स्वयंपाक अर्पिताकडे होता. दिवेलागणीला ती कणीक मळत होती. फोन ओट्यावर, डब्याला टेकवलेला.

तो वाजला.

एकच रिंग, पुरती होण्याआधीच थांबली. पडद्यावर नंबर होता, नाव नव्हतं. नाव असायचं कारणच नव्हतं. त्या नंबरवर तिने एकदाच फोन लावला होता, घाटावरून, खात्री करून घ्यायला.

कट करायला आता काही उरलं नव्हतं. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते.

ती तशीच उभी राहिली. मिसकॉल कट झाला नाही की बबनराव काय करत, ते मैनाबाईने तिला सांगितलं होतं. रेंज भेटेल तिथपर्यंत जवळ येत, आणि पुन्हा मारत.

बाहेर पाऊस नव्हता. दाराखालच्या फटीतून पाण्याची एक बारीक रेघ फरशीवर आली, आणि थांबली.